हिरवळीचे बारा महिने
(मंडळाच्या वर्धापनदिनी, चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्या मंडळात दरवर्षी कोणीतरी शिकलेल्या बाई बोलतात. कधी डॉक्टरीणबाई, तर कधी शाळेच्या मुख्याध्यापिका. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंत. भाषणाची सवय अजिबात नाही. परंतु मंडळाच्या दारापुढच्या हिरवळीची देखरेख गेली सहा वर्षे मी आणि आणखी तिघीजणी करीत आहोत, आणि ‘त्याविषयीच बोला, दुसरे काही नको’ असे मला बजावले आहे. तेव्हा जे हाताने केले तेवढेच सांगते. पन्हे थंडगार आहे, डाळ वाटून झाली आहे. फार वेळ घेणार नाही.

विषय आजच काढण्याचे कारणही सांगून टाकते. पुढल्या महिन्यात सोसायटीची सभा आहे. ‘ती हिरवळ मेली आहे, उन्हाळ्यात पाणी खाते, तेथे सिमेंटचे ठोकळे बसवून गाड्या लावाव्या’ असा ठराव सभेपुढे येणार आहे. मंडळाच्या कित्येकजणींच्या घरीही हेच मत आहे, हे मला ठाऊक आहे. खिडकीतून आत्ता बाहेर पाहिले तर गवत पिवळे दिसते हे खरेच. म्हणून म्हटले, मत देण्यापूर्वी हिरवळीचे वर्ष कसे जाते, हे निदान आपल्या बायकांना तरी ठाऊक असावे.

आधी तिची जात सांगते. ही आपली हरळी आहे. गणपतीला वाहतो त्या दूर्वा हिच्याच. माझ्या माहेरी शेतात हिला कोणी चांगले म्हणत नाही. ज्वारीच्या वावरात हरळी माजली की माणसे लावून खणून काढावी लागते, आणि वीतभर मुळी मागे राहिली तरी पुन्हा फुटते. शेतकऱ्याच्या डोळ्यांत सलणारा हाच तिचा गुण हिरवळीला उपयोगी पडतो. दूर्वा वाहण्याच्या मंत्रातही ती पेरापेरांतून वाढते असेच वर्णन आहे, असे गुरुजींनी मला सांगितले. जमिनीवर तिच्या काड्या धावतात, जमिनीखाली मुळ्या धावतात, आणि प्रत्येक पेरापाशी नवा कोंब धरलेला असतो.

बंगल्यापुढे हिरवळ राखण्याची आवड साहेब लोकांनी इकडे आणली. पूर्वी त्यांच्या देशात गवत विळ्याने कापीत, नाहीतर मेंढ्या चारीत. गवत कापण्याचे यंत्र तिकडे १८३० साली एडविन बडिंग नावाच्या गृहस्थाने काढले, आणि मग मध्यम घरांतूनही हिरवळी होऊ लागल्या. पण त्या मुलखात वर्षभर थोडाथोडा पाऊस असतो. आपल्या पुण्यात वर्षाचा पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर, म्हणजे अठ्ठावीस इंच, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडून जातो. बारा महिने हिरवेगार दिसलेच पाहिजे हा हट्ट त्यांच्या हवेत चालतो. आपल्या हवेत हिरवळीलाही ऋतू असतात, आणि ते ओळखून तिची कामे करावी लागतात.

आपला पाडवा चैत्रात असतो, हिरवळीचा पाडवा मृगात. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो; एकदोन चांगल्या सरी पडल्या की वर्षाची मोठी कामे तेव्हाच करून घ्यावी. वर्षभर चालून चालून जमीन कठीण झालेली असते. आम्ही पहारीने वीत-वीतभर अंतरावर चार बोटे खोल भोके पाडतो. माती, वाळू आणि चाळलेले शेणखत समभाग घेऊन वरून पाव इंच जाडीचा थर पसरतो आणि दाताळ्याच्या पाठीने सारखा करतो. आपली हिरवळ चाळीस फूट रुंद आणि साठ फूट लांब. तिला शंभरावर घमेली माती लागते. चौघीजणींनी मिळून, मुलांना हाताशी घेऊन, ते काम दोन सकाळींत होते. पाणी साचणारे खळगे याच वेळी भरावे, पण एका दमात अर्ध्या इंचाहून जाड थर देऊ नये, खालचे गवत गुदमरते.

शेणखत मात्र चांगले कुजलेले हवे. कच्च्या शेणाला हुमणी लागते. ऊसवाल्या गावच्या बायकांना हुमणी सांगायला नको. पांढरी, वाकडी, बोटाच्या पेराएवढी अळी, ती मुळ्या खाते. मग गवत सतरंजीसारखे हाताने उचलून येते. साळुंक्या आणि कावळे एकाच जागी रोज चोची मारू लागले तर तेथे खणून पाहावे. तिचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात. आपल्या फाटकाजवळचा कडुनिंब त्या आठवड्यात रात्री हलवायचा, खाली चादर धरायची आणि पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाकायचे. मुलांना हे काम फार आवडते.

आषाढात उघडी पडलेली जागा भरावी. त्यासाठी बाजारातून काही आणावे लागत नाही. कडेची, वाटेवर पसरलेली हरळी काढावी, तीन-तीन पेरांचे तुकडे करावे, चार-चार बोटांवर लावावे आणि पायाने दाबावे. दोन पेरे मातीत, एक वर. महिना-दीड महिन्यात जागा झाकते. आंब्याच्या झाडाखाली मात्र हा खटाटोप करू नये. हरळीला दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन लागतेच. सावलीत ती लांबट, विरळ होते आणि मरते. त्या जागी आम्ही पार बांधून घेतला, आता तेथे आजीमंडळी बसतात. तसेच दुधाच्या केंद्राकडे जाताना जेथून सगळीजण तिरके जातात, तेथे गवत लावून फलक लावण्यापेक्षा शहाबादी फरशीचे तुकडे बसवलेले बरे. माणसे जेथून चालायची तेथूनच चालतात.

श्रावण-भाद्रपदात दोनच कामे, पण नित्यनेमाने: कापणे आणि निंदणे. या दिवसांत सात-आठ दिवसांनी गवत कापावे लागते. नियम सोपा आहे. आहे त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त एका वेळी कापू नये. दीड इंच वाढले की इंचावर आणावे. चार इंच वाढू देऊन एकदम इंचावर आणले तर खालच्या कोरड्या काड्या उघड्या पडतात आणि हिरवळ हजामत बिघडल्यासारखी दिसते. पाते धारदार हवे. बोथट पात्याने गवत कापत नाही, फाटते, आणि दुसऱ्या दिवशी शेंडे पांढरे पडतात. ओल्या गवतात यंत्र चालवू नये. उघडीप मिळाली की दोन तास वाळू द्यावे, मग कापावे. कापलेले गवत थोडे असेल तर तेथेच राहू द्यावे, त्याचेच खत होते. गठ्ठे पडले तर मात्र उचलून खड्ड्यात टाकावे.

तणांत लव्हाळा सर्वांत चिवट. महापुरात वाचणाऱ्या लव्हाळ्याचा नम्रतेसाठी तुकोबांनी दाखला दिला आहे खरा, पण हिरवळीत तो आला की जीव खातो. त्याच्या गाठी जमिनीत एकीला एक जोडलेल्या असतात. वरून उपटला तर पात हाती येते, गाठ खाली राहते आणि चार दिवसांत पुन्हा फुटतो. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते, तेव्हा खुरपे खोल घालून गाठीसकट काढावा. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी उपटावे; त्याने पुष्कळांच्या अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावे, नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधावी. केना, दुधी, घोळ ही बिचारी साधी आहेत, हाताने येतात.

गणपतीच्या आधी एक गोष्ट आम्ही करतो, ती सांगते. दूर्वा तीन पानांच्या, कोवळ्या शेंड्याच्या हव्यात, आणि यंत्र फिरलेल्या हिरवळीवर तशा मिळत नाहीत. म्हणून विहिरीकडचा कोपरा चतुर्थीच्या आधी पंधरा दिवस कापीत नाही. सर्वांनी तेथूनच दूर्वा खुडाव्या. एकवीस दूर्वांच्या जुडीसाठी हिरवळभर फिरण्याची कोणालाही गरज राहत नाही. मंगळागौरीची फुगडी, पिंगा, झिम्मा हे मात्र सभागृहात. भिजलेल्या जमिनीवर नाचले की माती दगडासारखी बसते.

आश्विनात हिरवळ सर्वांत देखणी असते. पाऊस ओसरलेला, जमिनीत ओल आहे, ऊन स्वच्छ. भोंडला याच दिवसांत येतो. हत्तीचा पाट रोज एकाच ठिकाणी मांडला तर नऊ दिवसांत गोल रिंगण उघडे पडते. रोज पाट दहा पावले सरकवला की झाले, गाणी तीच आणि खिरापतही तीच. मांडव घालायचा असेल तर हिरवळीच्या बाहेर घालावा. कोजागिरीची सतरंजी एका रात्रीपुरती असते, तिने काही बिघडत नाही. आठ-दहा दिवस कापड अंथरून ठेवले की खालचे गवत पांढरे होते. दिवाळीचा किल्ला मुलांनी कोपऱ्यातल्या मातीच्या ढिगावर करावा.

खताचा शेवटचा हप्ता आश्विनातच द्यावा, म्हणजे थंडीपूर्वी मुळ्यांत अन्न साठते. चाळलेले गांडूळखत उत्तम. युरिया द्यायचा असेल तर १०० चौरस फुटांना १०० ग्रॅमच्या वर नको. गवत कोरडे असताना सारखा उधळावा आणि लगेच पाणी द्यावे, नाहीतर ठिपक्या-ठिपक्यांनी गवत जळते.

मार्गशीर्ष ते माघ हे दिवस सोपे. रात्री गार पडल्या की हरळीची वाढ थांबते, शेंडे तांबूस होतात. तीन आठवड्यांनी एकदा वरच्यावर कापले तरी पुरे. दहा-बारा दिवसांनी सकाळी एकदा पाणी, पण भरपूर. रोज थोडे-थोडे शिंपडले की मुळ्या वरच राहतात; खोल ओल गेली की मुळ्या तिच्यामागे खोल जातात. किती पाणी झाले हे कळण्यासाठी श्रीखंडाचे चार सरळ उभ्या कडांचे रिकामे डबे हिरवळीवर चार ठिकाणी ठेवावे, फवारा सुरू करावा आणि डब्यांत एक इंच पाणी साचले की बंद करावा. आणि पाणी कधी द्यावे? हिरवळीवरून चालून जावे. मागे वळून पाहिले असता पावले उमटलेलीच दिसली, गवत उठले नाही, तर तिला तहान लागली आहे. उठले असेल तर आणखी दोन दिवस थांबावे.

धुण्याचे साबणाचे पाणी हिरवळीला घालू नये. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून फुकट जाणारे पाणीही रोज घालू नये. त्यांतले क्षार साठून माती कडक होते. शिशिरातली पानगळ दर दोन दिवसांनी दाताळ्याने गोळा करावी आणि खड्ड्यात कुजवावी. होळी मात्र हिरवळीपासून दूर, विटांवर पत्रा टाकून. आग पेटली तेथली जमीन पुढे कित्येक महिने उघडी राहते.

आता फाल्गुन ते वैशाख. भगिनींनो, सगळा वाद याच तीन महिन्यांचा आहे.

या दिवसांत हिरवळ हिरवी ठेवायची तर आठवड्याला निदान एक इंच पाणी हवे. कडक उन्हात तेही अपुरे पडते. सातवीच्या गणिताला एवढा हिशेब जमतो. चाळीस गुणिले साठ, चोवीसशे चौरस फूट. त्यावर एक इंच पाणी म्हणजे २०० घनफूट, आणि घनफुटाला सुमारे २८ लिटर धरले तर ५,६०० लिटर. पंधरा लिटरांच्या पावणेचारशे बादल्या, दर आठवड्याला! बारा आठवड्यांचे ६७,००० लिटर होते. दहा हजारांचे जवळजवळ सात टँकर. आपल्या इमारतीत उन्हाळ्यात पाणी एक वेळ येते. अशा दिवसांत गवताला सात टँकर घालावे, असे मी तर कधीच म्हणणार नाही. जी माणसे ‘पाणी खाते’ म्हणतात, त्यांचे इतके म्हणणे खरे आहे.

परंतु हरळी एवढे मागतच नाही. होळीनंतर आम्ही तिला शेवटची उंच, दोन इंचांवर कापून घेतो. मग खत नाही, यंत्र नाही. तीन आठवड्यांनी एकदा, सकाळी, अर्धा इंच पाणी. बारा आठवड्यांत चार वेळा, मिळून ११,२०० लिटर. एका टँकरहून थोडे अधिक. एवढ्यात ती हिरवी राहत नाही. पाने वाळतात, पिवळी पडतात. पण पेरे आणि मुळ्या जिवंत राहतात. ती झोपलेली असते. मुलांनी त्यावर खेळावे, फक्त क्रिकेटच्या यष्ट्या दर दोन दिवसांनी हलवाव्या.

हे माझ्या शब्दावर मानू नका. या टेबलावर दोन ताटल्या ठेवल्या आहेत. एकीत आज सकाळी हिरवळीच्या मध्यावरून उचललेला तळहाताएवढा तुकडा आहे, अगदी पिवळा. दुसरीत बारा दिवसांपूर्वी त्याच्या शेजारून उचललेला तुकडा आहे. तो मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हाला ठेवला आणि रोज वाटीभर पाणी घातले. त्याला आलेले कोंब मागच्या बायकांनाही दिसतील. ज्यांना शंका असेल त्यांनी घरी जाताना एक काडी उपटावी आणि जमिनीलगतच्या पेरावर नख लावावे. आत पांढरट-हिरवे, घट्ट लागले तर ती जिवंत. तपकिरी, पोकळ असून कटकन मोडली तर मेलेली. मेलेल्या जागाही आहेत, फाटकापाशी दोन-तीन. त्या आषाढात भरून निघतील.

माझ्या सासूबाई १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट सांगतात. गावाकडे पीक गेले, विहिरी आटल्या, गुरे छावणीला गेली. पण पुढल्या वर्षी पाऊस आल्यावर बांधावर सर्वांत आधी हिरवे झाले ते हरळीने. त्या हरळीला दोन महिन्यांच्या उन्हाचे काय भय!

आता ठोकळ्यांविषयी. गाड्यांची अडचण खोटी नाही. आमचीही गाडी रस्त्यावर उभी असते. वळायला जागा सोडून तेथे दहा गाड्या बसतील, असे मोजणारे म्हणतात. पण आपल्याकडे अठ्ठेचाळीस बिऱ्हाडे आहेत. दहांची सोय होईल, अडतीसजणांची अडचण आहे तेथेच राहील, आणि बसा-उठायची एकमेव जागा अठ्ठेचाळीसजणांची जाईल. दुसरे असे, की त्या चोवीसशे चौरस फुटांवर वर्षाकाठी दीड लाख लिटरांहून अधिक पाऊस पडतो. त्यातला काही गवत पिते, काही उन्हाने उडतो, पण बराच जमिनीत जिरतो, आणि आपली कूपनलिका तेथून वीस पावलांवर आहे. ठोकळे बसवले की त्यातले बहुतेक पाणी गटाराला जाईल. उन्हाळ्यात एक टँकर वाचवायचा आणि पावसाळ्यात एवढे पाणी दवडायचे, हा व्यवहार कोणत्या गृहिणीला पटेल? आणि वैशाखातल्या दुपारी त्या ठोकळ्यांवर अनवाणी उभे राहून पाहावे. वाळलेल्या गवतावरही पाय ठरतो, तेथे ठरत नाही.

आपल्या मंडळाची पहिली सभा याच हिरवळीवर सतरंजी टाकून भरली, तेव्हा सभागृह नव्हते. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या नातीने पहिले पाऊल येथेच टाकले. पारावरच्या आजींचे संध्याकाळचे दोन तास येथेच जातात. हा हिशेब आकड्यांत मांडता येत नाही म्हणून मी मांडीत नाही, पण सभेत तो कोणीतरी मांडला पाहिजे.

माझे मागणे दोन गोष्टींचे आहे. पहिली: ठरावावर मत घ्यायचेच असेल तर ते श्रावणात घ्यावे, असे मंडळाने सोसायटीला पत्र द्यावे. झोपलेल्या माणसाच्या नाडीवर हात न ठेवता त्याला मेलेला ठरवू नये. दुसरी: देखरेखीला आम्ही चौघीच आहोत, आणि माळी आठवड्यातून दोन तासच येतो. मृगानंतर दर शनिवारी सकाळी अर्धा तास, आठ जणी निंदायला आल्या तर हिरवळ कधी हातची जाणार नाही. खुरपी माझ्याकडे सहा आहेत, दोन कमी पडतील. नावे लिहायची वही चिटणीसबाईंकडे दिली आहे. डाळ घेण्यापूर्वी तेवढे नाव घालावे.